पॅनेलमध्ये तापमान कंट्रोलर बसवताना : सप्लाय बंद करण्यापासून पहिल्या बॅचपर्यंत

नाशिकमधील अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंगच्या (धातूवर रंगाची पावडर चढवून ती ओव्हनमध्ये भाजण्याच्या) एखाद्या लहान शेडमध्ये गेलात, तर ओव्हनशेजारच्या पॅनेलच्या दरवाजावर लाल-हिरवे आकडे दाखवणारा चौकोनी डिजिटल कंट्रोलर हमखास दिसेल. ओव्हनचे तापमान पाहून हीटर चालू-बंद करणे हे त्याचे काम. तो बंद पडला की मालक दुपारपर्यंत नवा आणतो, वायरमन जुन्या तारा काढून नव्यावर चढवतो आणि संध्याकाळच्या पाळीला ओव्हन सुरू होतो. काम अर्ध्या तासाचे मानले जाते आणि कित्येकदा ते खरोखरच अर्ध्या तासात होते. मात्र नवा कंट्रोलर त्याच दिवशी जळाला, किंवा आकडा २०० दाखवत असताना आतला माल करपून निघाला, तर शोध घेतल्यावर दोष बहुधा उपकरणात सापडत नाही. तो त्या अर्ध्या तासात सापडतो.

पुढील विवेचनासाठी १८ किलोवॅटचा, तीन फेजचा, विजेच्या हीटरवर चालणारा एक ओव्हन डोळ्यांसमोर ठेवला आहे. त्यात के प्रकारचे थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमान सेन्सर) आहे, हीटर कॉन्टॅक्टरवर (कॉइलने ओढल्या जाणाऱ्या मोठ्या स्विचवर) चालतात आणि दरवाजात ९६ × ९६ मि.मी. आकाराचा कंट्रोलर बसवायचा आहे. पिंपळगाव-दिंडोरीकडे द्राक्षांच्या शीतगृहातील पॅनेलवर काम करणाऱ्यांनाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतील. तेथे थर्मोकपलच्या जागी पीटी-१०० (तापमानानुसार रोध बदलणारा सेन्सर) असते आणि हीटरच्या जागी कॉम्प्रेसर.

एक बाब आरंभीच स्पष्ट केलेली बरी. ४१५ व्होल्टच्या पॅनेलमध्ये हात घालण्याचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या किंवा परवानाप्राप्त वीजतंत्री-तारतंत्रीच्या अखत्यारीतले आहे. मालकाने किंवा ऑपरेटरने हा लेख वाचावा तो काम नीट झाले की नाही हे पारखण्यासाठी. स्वतः स्क्रू ड्रायव्हर उचलण्यासाठी नव्हे.

लेबल, आकृती आणि जुन्या तारांचा फोटो

नवा कंट्रोलर हातात आल्यावर सर्वप्रथम त्याच्या बाजूला चिकटवलेले लेबल वाचावे. सारख्या दिसणाऱ्या दोन कंट्रोलरपैकी एक ८५ ते २७० व्होल्ट एसीवर चालणारा, तर दुसरा केवळ २४ व्होल्ट डीसीचा असू शकतो, आणि दुकानदाराने खोका देताना तो फरक पाहिलेला असेलच असे नाही. त्यानंतर इनपुट कोणत्या सेन्सरचे आहे, आउटपुट रिलेचे (लहान विद्युत स्विचचे) आहे की एसएसआर (हलते संपर्क नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) चालवणाऱ्या डीसी व्होल्टेजचे, आणि रिलेचा संपर्क किती अँपिअरचा आहे, हे पाहावे. या तीन ओळी नीट वाचल्या, तर पुढचे निम्मे प्रश्न उद्भवत नाहीत.

टर्मिनलची आकृती पाहताना ती मागच्या बाजूने पाहिलेली आहे की पुढच्या, हे आधी ठरवावे. या बाबतीत मी स्वतः पोळलेलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शेडमध्ये जुना कंट्रोलर बदलताना नवा त्याच बनावटीचा, त्याच आकाराचा आणि तेवढ्याच टर्मिनलांचा होता, म्हणून मी आकृती न उघडता जुन्या तारा क्रमाक्रमाने नव्यावर हलवल्या. कंपनीने मधल्या काळात टर्मिनलांची रचना बदललेली होती. एमसीबी (जास्त प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच) वर करताच २३० व्होल्ट सेन्सरच्या इनपुटवर गेले, टपकन आवाज झाला आणि करपलेल्या बेकेलाइटचा तो वास आला, जो या धंद्यातील प्रत्येकाला ओळखीचा आहे. लेबल उपकरणावरच होते. ते वाचायला अर्धे मिनिटही लागले नसते.

म्हणून जुन्या तारा सोडवण्यापूर्वी मोबाइलवर दोन-तीन कोनांतून फोटो काढावेत, प्रत्येक तारेवर फेरूल (क्रमांकाची छोटी नळी) आहे की नाही ते पाहावे, नसेल तेथे चिकटपट्टीवर क्रमांक लिहून लावावा, आणि मग एका कागदावर दोन रकाने आखावेत : जुने टर्मिनल आणि त्या तारेचे काम. ‘सात नंबरची तार नव्याच्या सात नंबरवर’ असे कधीही करू नये. ‘सेन्सरचा धन, तो नव्यात कोठे’ असा प्रश्न विचारावा. तारेची ओळख तिच्या कामावरून ठरते. क्रमांक तेवढा त्या एका उपकरणापुरता असतो.

तारांच्या रंगांवर विसंबताना आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. आपल्याकडच्या पॅनेलमध्ये लाल, पिवळा, निळा हे फेजचे रंग, काळा न्यूट्रलचा आणि हिरवा किंवा हिरवा-पिवळा अर्थिंगचा, अशी रूढी आहे. युरोपातून आलेल्या यंत्रात मात्र तपकिरी, काळा आणि करडा हे फेजचे रंग असून निळा न्यूट्रलचा असतो. म्हणजे आपला वायरमन ज्या काळ्या तारेला निःशंकपणे न्यूट्रल समजतो, ती तेथे जिवंत फेज असते. जुने आयात यंत्र आणि स्थानिक पॅनेल यांची जोडणी जेथे झाली असेल, तेथे रंग पाहून काहीही ठरवू नये. मीटर लावूनच ठरवावे.

सप्लाय बंद करणे

ओव्हनचा मेन स्विच खाली केला म्हणजे पॅनेल मृत झाले, असे समजणे ही सर्वांत जास्त नडणारी चूक आहे. ब्लोअरच्या किंवा कन्व्हेयरच्या पॅनेलकडून इंटरलॉकसाठी (एक यंत्र चालू असेल तरच दुसरे चालू देणाऱ्या जोडणीसाठी) आलेली एखादी तार त्या दुसऱ्या पॅनेलच्या फेजवर असते, अलार्मचा हूटर ऑफिसच्या सप्लायवर असतो, कंट्रोल सर्किट यूपीएसवर असते, आणि महावितरणचा सप्लाय गेला की चेंजओव्हरमधून जनरेटर येतो. यांपैकी कोणतीही वाट मेन स्विचने बंद होत नाही. त्यामुळे पॅनेलमध्ये किती ठिकाणांहून वीज येते याची मोजणी आधी करावी आणि त्या प्रत्येक ठिकाणी बंद करावी.

बंद केलेल्या स्विचला कुलूप लावावे, किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी, आणि ‘काम चालू आहे, सप्लाय देऊ नये’ अशी पाटी नाव व वेळ लिहून टांगावी. शेडमध्ये चारच माणसे आहेत, कुलूप कशाला, असे म्हटले जाते. पण चार माणसांपैकी एक जेवून परत येतो, ओव्हन थंड पाहतो आणि सवयीने स्विच वर करतो. तो काही वाईट हेतूने करत नाही; म्हणूनच कुलूप लागते.

त्यानंतर मोजमाप. निऑन टेस्टर पेनवर विश्वास ठेवून टर्मिनलला हात लावू नये, कारण रबरी बूट, कोरडी फरशी किंवा खराब निऑन यांपैकी काहीही असले तर जिवंत तारेवरही तो पेटत नाही. चांगल्या मल्टिमीटरने, ज्याच्यावर कॅट-३ (मीटरची सुरक्षा-श्रेणी) आणि किमान ६०० व्होल्ट असे छापलेले आहे अशा मीटरने, आधी दुसऱ्या चालू सप्लायवर वाचन घ्यावे आणि मीटर ठीक असल्याची खात्री करावी. मग पॅनेलमध्ये फेज-फेज, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी सर्व वाचने घ्यावीत. आणि शेवटी पुन्हा त्या चालू सप्लायवर जाऊन मीटर अजूनही ठीक आहे हे पाहावे. हा तिसरा टप्पा वगळण्याचा मोह होतो. परंतु मीटरची वायर मधल्या वाचनाच्या वेळी तुटलेली असेल तर शून्याचा आकडा विजेचा अभाव दाखवत नसून मीटरचा बिघाड दाखवत असतो. पॅनेलमध्ये ब्लोअरसाठी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) असेल, तर सप्लाय बंद केल्यावरही त्याच्या आतील कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो. त्याच्यावर छापलेला अवधी, जो बहुधा काही मिनिटांचा असतो, तेवढा थांबावे.

दरवाजात खाच

९६ × ९६ च्या कंट्रोलरसाठी खाच ९२ × ९२ मि.मी. लागते आणि ४८ × ४८ साठी ४५ × ४५. यापेक्षा अर्धा-पाऊण मिलिमीटर मोठी चालते, लहान मात्र चालत नाही. आणि फार मोठी झाली तर पुढचे रबरी गॅस्केट नीट बसत नाही. गॅस्केटशिवाय दर्शनी भागाचे धूळ-पाण्यापासूनचे संरक्षण नावापुरते उरते. पावडर कोटिंगच्या शेडमध्ये ही बाब गौण नाही. हवेत उडणारी पावडर आणि फॉस्फेटिंगच्या (रंगापूर्वी धातूवर रासायनिक थर देण्याच्या) टाकीवरून येणारी आम्लाची वाफ ही दोन्ही फटीतून आत शिरतात, आणि वर्षभरात तारांच्या टोकांवरच्या तांब्याच्या लगवर हिरवट थर दिसू लागतो. शक्य असेल तर पॅनेलच त्या टाक्यांपासून दूर हलवावे.

खाच कापताना दरवाजा उघडून आतल्या सर्व सामानावर प्लॅस्टिकचा कागद चिकटपट्टीने पक्का लावावा. जिगसॉने किंवा होल सॉने निघणारा लोखंडाचा कीस केसाइतका बारीक असतो, तो कॉन्टॅक्टरच्या फटीत किंवा एखाद्या सप्लाय कार्डच्या जाळीत जाऊन बसतो, आणि त्या दिवशी काहीच होत नाही. पावसाळ्यात हवेत दमटपणा आला की तोच कीस दोन टर्मिनलांमध्ये पूल होतो. कडा कानशीने घासून घ्याव्यात, उघड्या पत्र्यावर रंगाचा हात मारावा, आणि कीस हवेच्या पाइपने उडवू नये, व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. हवा मारली तर तो पॅनेलच्या आणखी आत जातो.

जागा निवडताना उष्णतेचा हिशेब करावा. बहुतेक कंट्रोलर सभोवतालच्या ५० अंश सेल्सिअस तापमानापर्यंत चालण्यासाठी बनवलेले असतात. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास असतो, पत्र्याच्या शेडमध्ये ओव्हनशेजारी तो त्याहून वर असतो, आणि बंद पॅनेलच्या आत आणखी वर. गरम हवा वरच्या भागात साठते, म्हणून कंट्रोलर दरवाजाच्या मध्यावर किंवा त्याच्या थोडा खाली, व्हीएफडी व एसएसआर यांच्यापासून बाजूला बसवावा आणि त्याच्या मागे-वर बोटभर तरी मोकळी जागा ठेवावी. क्लॅम्प दोन्ही बाजूंनी सारखे आवळावेत, हाताने जितके बसतात तितकेच. पान्याच्या जोराने आवळल्यास प्लॅस्टिकची कॅबिनेट वाकते.

दरवाजावर आता वीज येणार असल्यामुळे दरवाजा स्वतंत्रपणे अर्थ केलेला असावा. बिजागरीतून अर्थिंग होते असे मानू नये, कारण तिच्यावर रंगही असतो आणि ग्रीसही. लवचीक वेणीदार पट्टी किंवा हिरवी बहुतंतू तार पॅनेलच्या अर्थ बारपासून दरवाजावरच्या स्टडपर्यंत न्यावी. तारांची जुडी बिजागरीच्या बाजूने, स्पायरलमध्ये गुंडाळून, दरवाजा पूर्ण उघडला तरी ताण येणार नाही इतकी सैल ठेवावी.

सप्लायची बाजू

कंट्रोलर स्वतः फार वीज घेत नाही; पाच-दहा व्होल्ट-अँपिअरमध्ये त्याचे भागते. पण म्हणून तो हीटरच्या ६३ अँपिअरच्या एमसीबीमागे थेट जोडणे योग्य नाही, कारण आत शॉर्ट झाले तर तो मोठा एमसीबी पडण्याआधी कंट्रोलरची बारीक तार जळून जाईल. त्याला स्वतंत्र दोन पोलचा २ अँपिअरचा एमसीबी द्यावा आणि फेजच्या तारेत निर्मात्याने सांगितलेल्या क्षमतेचा, बहुधा १ अँपिअरचा, फ्यूज घालावा. न्यूट्रलमध्ये फ्यूज घालू नये. तो उडाला तर उपकरण बंद दिसते, पण फेज मात्र आतपर्यंत जिवंत राहतो. कॉन्टॅक्टरच्या कॉइलसाठी वेगळा एमसीबी असावा.

न्यूट्रलबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. तीन फेजच्या पॅनेलमध्ये मुख्य न्यूट्रल कोठे सैल झाला किंवा तुटला, तर प्रत्येक फेजवर भार असमान असल्यामुळे एका फेजचे व्होल्टेज कमी होते आणि दुसऱ्याचे २३० वरून चढत जाऊन ४०० च्या जवळ पोहोचू शकते. अशा वेळी २७० व्होल्टपर्यंत टिकणारा कंट्रोलर, पॅनेलमधील दिवे आणि ऑफिसमधला पंखा हे सारे एकाच दिवशी जातात, आणि ‘व्होल्टेज जास्त आले’ म्हणून दोष बाहेर दिला जातो. प्रत्यक्षात शेडच्या स्वतःच्या न्यूट्रल लिंकचा स्क्रू सैल असतो. यावरचा चांगला उपाय म्हणजे दोन फेजमधून ४१५/२३० व्होल्टचा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर घेणे. मग कंट्रोल सर्किट मुख्य न्यूट्रलवर अवलंबून राहत नाही. त्याच्या दुय्यम बाजूचे एक टोक अर्थ करून तेच कंट्रोलचे न्यूट्रल मानावे. खर्च थोडा वाढतो, तरी ज्या शेडमध्ये वेल्डिंगची यंत्रे त्याच सप्लायवर आहेत तेथे मी तो टाळू देत नाही.

तार बहुतंतू तांब्याची, कंट्रोलसाठी १ किंवा १.५ चौ.मि.मी. घ्यावी. प्रत्येक टोकाला पिन लग क्रिम्प करावा, म्हणजे दाबून पक्का बसवावा. पक्कडीने चेपलेला लग म्हणजे क्रिम्प नव्हे, त्याची स्वतःची क्रिम्पिंगची पक्कड असते. लग लावल्यावर तार हाताने ओढून पाहावी. लगच्या बाहेर एकही तंतू डोकावता कामा नये, कारण कंट्रोलरच्या मागची टर्मिनले एकमेकांपासून काही मिलिमीटरवरच असतात. एका टर्मिनलमध्ये तीन-तीन तारा कोंबण्याऐवजी डिन रेलवर (पॅनेलमधील सामान बसवण्याच्या पट्टीवर) स्वतंत्र टर्मिनल घेऊन तेथे लूप करावे.

सेन्सरची बाजू

सर्वाधिक चुका येथे होतात आणि त्या लगेच दिसतही नाहीत. थर्मोकपलमधून येणारा संकेत किती नाजूक असतो हे आधी लक्षात घ्यावे : के प्रकारात तापमान एक अंशाने वाढले की अवघे ४० मायक्रोव्होल्टच्या आसपास वाढतात. शेजारून हीटरची २५ अँपिअरची केबल जात असेल, तर तिच्यामुळे त्या तारेत शिरणारा गोंगाट मूळ संकेताला सहज झाकून टाकतो. म्हणून सेन्सरची केबल शिल्डेड असावी, ती वेगळ्या ग्लँडमधून (केबल आत घेण्याच्या तोंडातून) आणि वेगळ्या डक्टमधून आणावी, पॉवर केबलला समांतर नेऊ नये, आणि ओलांडणे अटळ असेल तेथे काटकोनात ओलांडावे. शिल्ड फक्त एका टोकाला, म्हणजे पॅनेलच्या बाजूला, अर्थ करावी. दोन्ही टोकांना केल्यास शिल्डमधूनच प्रवाह फिरू लागतो.

ओव्हनवरील सेन्सरच्या डोक्यापासून पॅनेलपर्यंत त्याच प्रकारची कॉम्पेन्सेटिंग केबल (थर्मोकपलशी जुळणाऱ्या धातूंची) लागते, साधी तांब्याची केबल चालत नाही. ‘तारच तर आहे’ हा युक्तिवाद किती महाग पडतो ते आकड्यात पाहावे. सेन्सरच्या डोक्याजवळ, ओव्हनच्या भिंतीला लागून, ५० अंश तापमान आहे आणि पॅनेलमध्ये ३५ अंश आहे असे समजू. थर्मोकपल दोन टोकांमधला फरक तेवढा सांगते आणि कंट्रोलर त्यात स्वतःजवळचे तापमान मिळवतो; त्यामुळे तांब्याची केबल लावली तर हा १५ अंशांचा फरक हिशेबातून गळतो, आणि आत २०० अंश असताना कंट्रोलर १८५ दाखवतो. त्याच्या दृष्टीने अजून तापवायचे आहे, म्हणून तो हीटर चालू ठेवतो. ऑपरेटरला आकडा बरोबर दिसतो आणि पांढरा रंग मात्र पिवळट पडून बाहेर येतो.

ध्रुवता उलटी झाली तर तापवताना आकडा खाली जातो. ही चूक लगेच पकडली जाते. डोक्याजवळ एकदा आणि कंट्रोलरजवळ पुन्हा एकदा, अशी दोनदा उलटली, तर मात्र आकडा वर जातो आणि सगळे सुरळीत वाटते, पण वरच्या उदाहरणात चूक १५ ऐवजी ३० अंशांची होते. रंगांवरून ध्रुवता ठरवताना केबल कोणत्या पद्धतीची आहे ते पाहावे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत के प्रकाराचा धन हिरवा आणि ऋण पांढरा असतो. अमेरिकी पद्धतीत धन पिवळा आणि ऋण लाल. लाल म्हणजे धन, ही आपल्या हाताला लागलेली सवय येथे नेमकी उलटी पडते. शंका असेल तर लोहचुंबक लावून पाहावे : के प्रकाराच्या जोडीत ऋण तार चुंबकाला किंचित चिकटते, धन चिकटत नाही. कॉम्पेन्सेटिंग केबलमध्ये काही वेळा वेगळे मिश्रधातू वापरलेले असतात, त्यामुळे ही परीक्षा सेन्सरच्याच तारांवर करावी.

पीटी-१०० असेल तर तीन तारा असतात, दोन एका रंगाच्या आणि एक वेगळ्या. शून्य अंशाला त्याचा रोध १०० ओहम आणि १०० अंशांना १३८.५ ओहम असतो. म्हणजे खोलीच्या तापमानाला वेगळ्या रंगाची तार व इतर दोनपैकी एक यांच्यामध्ये सुमारे ११० ओहम दिसायला हवेत आणि सारख्या रंगाच्या दोघींमध्ये जवळजवळ शून्य. तिन्ही तारा सारख्याच जाडीच्या आणि लांबीच्या असाव्यात. तिसरी तार वाचवण्यासाठी कंट्रोलरवरच दोन टर्मिनले जोडून टाकली, तर केबलचा प्रत्येक ओहम अडीच अंशांची चूक घालतो. द्राक्षे शून्य-एक अंशावर ठेवणाऱ्या शीतगृहात ती चूक माल गोठवण्याइतकी आहे.

आउटपुट

कंट्रोलरचा रिले हीटर चालवण्यासाठी नसतो, तो कॉन्टॅक्टरची कॉइल चालवण्यासाठी असतो. १८ किलोवॅटचा तीन फेजचा हीटर प्रत्येक फेजमधून सुमारे २५ अँपिअर घेतो आणि रिलेचा संपर्क तीन किंवा पाच अँपिअरचा असतो. कॉन्टॅक्टर निवडताना त्यावरील एसी-१ हा आकडा पाहावा, कारण हीटरसाठी तोच लागू आहे, एसी-३ मोटरसाठी. कॉइल बंद होताना जो उलटा व्होल्टेजचा झटका येतो, त्याने रिलेचा संपर्क हळूहळू जळतो आणि कंट्रोलरही अधूनमधून अडखळतो. त्यासाठी कॉइलच्या दोन टोकांवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा आरसी सप्रेसर (झटका शोषणारी रोध-कपॅसिटरची जोडी) लावावा. तो कॉइलवरच लावावा. रिलेच्या संपर्कावर लावला तर त्यातून झिरपणाऱ्या प्रवाहाने लहान कॉन्टॅक्टर गुणगुणत राहतो.

कॉइलची साखळी अशी असावी : फेज, कॉइलचा एमसीबी, आपत्कालीन बंद बटणाचा एनसी (एरवी जोडलेला) संपर्क, ब्लोअर कॉन्टॅक्टरचा सहायक एनओ (एरवी उघडा) संपर्क, कंट्रोलरच्या रिलेचा कॉमन आणि एनओ, मग कॉइलचे ए-१ टोक, आणि ए-२ हे दुसरे टोक न्यूट्रलला. ब्लोअर बंद असताना हीटर चालला तर सेन्सरजवळची हवा थंडच राहते आणि हीटरजवळचा पत्रा लाल होतो. सहायक संपर्क फक्त ब्लोअरचा कॉन्टॅक्टर ओढला गेल्याचे सांगतो, पट्टा तुटला असेल तर त्याला कळत नाही. म्हणून पट्ट्याच्या ब्लोअरवर हवेच्या प्रवाहाचा स्विचही मालिकेत घ्यावा.

या साखळीत एक दोष अजूनही उरतोच. कॉन्टॅक्टरचे संपर्क चिकटले तर कंट्रोलर कितीही वेळा बंद म्हणाला तरी हीटर तापतच राहतो. एसएसआर तर बिघडताना बहुधा शॉर्ट होऊनच बिघडतो. कंट्रोलर हे नियंत्रणाचे साधन आहे, संरक्षणाचे नाही. त्याच्यातील अलार्म रिलेलाही संरक्षण समजू नये, कारण तो त्याच सेन्सरवर आणि त्याच सप्लायवर उभा असतो. म्हणून वेगळा सेन्सर असलेला, हाताने रिसेट होणारा अतितापमान थर्मोस्टॅट घ्यावा, तो कामाच्या तापमानापेक्षा तीस-चाळीस अंश वर लावावा, आणि त्याने हीटरच्या कॉन्टॅक्टरच्या आधी बसवलेला दुसरा कॉन्टॅक्टर सोडावा. त्या दुसऱ्या कॉन्टॅक्टरच्या खर्चाला मालक नेहमी हरकत घेतात. मी तो कोटेशनमध्ये वेगळा न लिहिता पॅनेलच्या किमतीतच धरतो.

एसएसआर वापरायचा असल्यास त्याच्या नियंत्रण बाजूची धन-ऋण ध्रुवता सांभाळावी आणि उष्णतेचा हिशेब करावा. २५ अँपिअर वाहताना प्रत्येक एसएसआर तीसेक वॅट उष्णता बाहेर टाकतो. तिघांचे नव्वद वॅट बंद पॅनेलमध्ये सोडणे म्हणजे आत एक दिवा कायम पेटवून ठेवणे. हीट सिंक पॅनेलच्या बाहेर काढावा किंवा जाळी लावून पंखा बसवावा.

सप्लाय देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर

मेगर (जास्त व्होल्टेजने इन्सुलेशनची तपासणी) करायचे असेल तर कंट्रोलरच्या सर्व तारा आधी सोडवाव्यात. ५०० व्होल्टचा मेगर त्याच्या इनपुटला सहन होत नाही. नंतर आकृती हातात घेऊन दुसऱ्या माणसाने प्रत्येक तार मोठ्याने वाचावी आणि काम करणाऱ्याने ती बोट ठेवून दाखवावी. ज्याने जोडणी केली त्याला स्वतःची चूक दिसत नाही.

हीटरचा एमसीबी बंद ठेवून फक्त कंट्रोलचा सप्लाय द्यावा. पहिल्यांदा इनपुटचा प्रकार निवडावा. के प्रकाराचा सेन्सर असताना सेटिंग ‘जे’ या दुसऱ्या थर्मोकपल प्रकाराचे राहिले, तर २०० अंशांना कंट्रोलर १६० च्या आसपास दाखवतो आणि तापवतच राहतो. सेन्सरची तार तुटल्यास आउटपुट बंद व्हावे असे सेटिंग करावे आणि एक तार सोडवून ते खरोखर होते का, हेही पाहावे. त्यानंतर सेन्सर बाहेर काढून बर्फाच्या चुऱ्यात आणि उकळत्या पाण्यात धरावा. बर्फात शून्य यावे, उकळत्या पाण्यात मात्र ९८ च्या जवळ यावे, १०० नव्हे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे आणि येथे पाणी १०० अंशांच्या आधीच उकळते. हे न कळल्यामुळे चांगल्या कंट्रोलरला दोन अंशांची भरपाई देऊन बिघडवलेला मी पाहिला आहे.

आपत्कालीन बटण, ब्लोअरचा इंटरलॉक आणि अतितापमान थर्मोस्टॅट हे तिन्ही हीटरविना चालवून, कॉन्टॅक्टर प्रत्येक वेळी सुटतो का ते पाहावे. मगच हीटरचा एमसीबी वर करावा आणि क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा प्रवाह मोजावा. एका फेजचा कमी असेल तर हीटरचा तुकडा गेलेला आहे किंवा जोड सैल आहे. ऑटो-ट्यून (कंट्रोलरने ओव्हन पारखून स्वतःची सेटिंग ठरवणे) रिकाम्या ओव्हनवर करू नये, नेहमीचा माल टांगून करावे, आणि त्या वेळी तापमान सेट पॉइंटच्या (ठरवलेल्या तापमानाच्या) वर जाणार हे गृहीत धरून तो माल टाकाऊ घ्यावा. रिले आउटपुटला सायकलचा (एकदा चालू होऊन बंद होण्याचा) कालावधी २० सेकंदांच्या खाली ठेवू नये. २० सेकंदांच्या सायकलवर रिले तासाला १८० वेळा, आठ तासांत १,४४० वेळा उघड-मीट करतो. पावडर कोटिंगला दोन-तीन अंशांचा झोका चालतो, त्यामुळे अशा ओव्हनवर पीआयडी (तापमान जवळ आले की उष्णता हळूहळू कमी करणारी पद्धत) बंद करून साधे ऑन-ऑफ आणि दोन अंशांचे अंतर ठेवणे मला तरी अधिक व्यवहार्य वाटते. संपर्क जास्त टिकतात.

पहिली बॅच निघेपर्यंत पॅनेलजवळ कोणीतरी थांबावे. दिवसभर ओव्हन चालल्यानंतर सप्लाय बंद करून, पुन्हा कुलूप लावून आणि मीटरने तपासून, हीटरच्या बाजूचे सर्व स्क्रू एकदा आवळावेत, कारण पहिल्या तापण्या-निवण्यात तांबे दबते आणि जोड सैल होतो. महिन्याने हेच पुन्हा करावे. बदललेली आकृती, सर्व सेटिंगचे आकडे आणि थर्मोस्टॅट कितीवर लावला आहे हे एका कागदावर लिहून, तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पॅनेलच्या दरवाजाच्या आतल्या बाजूला चिकटवावा आणि त्यावर तारीख टाकावी.